कुदळ काही विमानात बसेना

नागरिकहो, घरातली चार माणसं एका कामाला निघाली की पहिलं भांडण कामावरून होत नाही, कसं जायचं यावरून होतं. दारेसलामच्या म्कुदे मंडळींचंही तेच झालं.

पुतण्या दियोनीसने दोडोमाची न्येमो पसंत केली होती. शनिवारी दुपारी बाराला तिच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. दियोनीसचे वडील वारलेले, त्यामुळे मुलाच्या बाजूने बोलायचा मान बोनावेंतुराकाकांचा. काका सरकारी खात्यात विभागप्रमुख. कामानिमित्त ते एकदा विमानात बसले आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला टेकलेच नव्हते. रविवारी चर्चला जाताना विमानाच्या तिकिटाचं टोक त्यांच्या खिशातून डोकावत असे. शेजारी तर शपथेवर सांगत, की काका घरच्या खुर्चीत बसतानाही कमरेचा पट्टा चाचपतात.

"सहाची गाडी आहे," थोरली बहीण पेरपेतुआताई म्हणाली. बाजारात मासे तळून तिने सगळ्या भावंडांना शिकवलं होतं, तेव्हा तिचा शब्द घरात शेवटचा. "दहाच्या सुमारास पोचू. वाटेत काय बोलायचं ते ठरवू."

"ताई, माझ्या पदाला शोभायला नको? तुम्ही खडखडत या. मी नऊच्या विमानाने निघतो, दहाला उतरतो."

"विजेची गाडी आहे ती. खडखडतोयस तू! बोना, मागणी घालायला सगळं घर जातं रे, एकटा साहेब जात नाही."

"घर येऊ दे की गाडीने!"

"आणि कुदळ?"

कुदळ म्हणजे मागणीची कुदळ. ती उंबऱ्यावर ठेवल्याशिवाय मुलीकडचे तोंड उघडत नाहीत.

"ती बोलणाऱ्याच्याच हातात हवी," काका छाती काढून म्हणाले. "उंबऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. वाडवडिलांची रीत मीच शिकवू का तुला?"

ताई गालात हसली. "उडव मग कुदळ."

शनिवारी सकाळी विमानतळावर तपासणीच्या यंत्राने काकांची पिशवी गिळली आणि किंचाळून परत ओकली.

"शिकामू, काका," तपासणीवाली पोर अदबीने वाकली. "हे काय आहे?"

"मर्हबा, पोरी," काकांनी वडीलधाऱ्यासारखा तिचा नमस्कार स्वीकारला. "मागणीची कुदळ."

"शस्त्र आहे. आत नेता येणार नाही."

"शस्त्र? अगं बाई, हे लग्न आहे!"

"ते नंतर कळतं, काका."

रांग खदखदली. पोर म्हणाली, "खालच्या सामानात द्या."

"दुसऱ्याचा हात लागता कामा नये!"

आता रांगेचेच दोन पक्ष पडले. एक म्हातारी ओरडली, "सोडू नकोस बाबा, सून जाईल!" एक सूटवाला ओरडला, "अहो, कुदळ बाजारात मिळेल, विमान चाललं!" अखेर काका रीत गिळून सामान द्यायला धावले, तर खिडकी बंद! थोड्या वेळाने विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा काका सूट-टाय घालून, खांद्यावर कुदळ टाकून रस्त्याकडेला उभे होते.

"शेत कुठं हो तुमचं?" एका भाजीवाल्याने आपुलकीने विचारलं.

त्यांनी ताईला फोन लावला. ताईने ते सगळं डब्यातल्यांना मोठ्याने सांगितलं. मागून अख्खा डबा हसल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "दुपारच्या गाडीने ये. पातं पोत्यात बांध. आणि स्टेशनवर साहेब होऊ नकोस, नीट विचार."

काकांनी नीट विचारलं. तिकीट तपासनीसाने पोत्याच्या गाठी दोनदा ओढून पाहिल्या आणि कुदळ डोक्यावरच्या फळीवर ठेवू दिली. समोर बसलेल्या दोडोमाच्या बाईने भाजलेले काजू पुढे केले.

"मागणीला निघालात? मुलगा काय करतो?"

"नोकरी."

"कसली?"

काकांच्या तोंडात काजू तसाच राहिला. त्यांना ठाऊक नव्हतं!

"बरं, मुलीचं नाव?"

"न्ये... न्ये..."

"अहो, मागायला मुलगी निघालात की पोतंभर वाटाणे?"

भर आकाशात विमान डगमगलं असतं तरी काका एवढे पांढरे पडले नसते. मुलासाठी बोलायला निघालेला माणूस, आणि मुलाबद्दल काहीच माहीत नाही! त्यांनी पुन्हा फोन लावला.

"ताई, आपला दियोनीस नेमकं करतो काय?"

"बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. आम्ही सकाळी गाडीत हेच सगळं ठरवत होतो रे. आणि ऐक, इकडे चिलोंगानी आजोबा, न्येमोचे, चिडलेत. बाराला त्यांनी विचारलं, तुमचा बोलणारा कुठाय? मी म्हटलं, हवेत. ते म्हणाले, दिवस मावळायच्या आत जमिनीवर आला तर ठीक, नाहीतर मागणी परत न्या. दियोनीसने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही."

मोरोगोरो स्टेशन मागे पडलं तेव्हा काकांच्या हातात कागद होता आणि ताई फोनवर सांगत होती. किलोसा गेलं, कागद भरला, काका उलट्या बाजूला लिहू लागले.

दोडोमाला स्टेशनवरून मोटरसायकलने येऊन ते न्येमोच्या दारात उतरले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. कोट उलटा, टाय पाठीवर, कुदळ छातीशी. धापा टाकत त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली.

"उशीर का झाला?" आजोबांनी विचारलं.

पावसाचं, गर्दीचं, वैमानिकाच्या पोटदुखीचं, अशी डझनभर कारणं काकांच्या जिभेवर रांगेत उभी होती. कोपऱ्यात दियोनीस मान खाली घालून बसला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मोठेपणामुळे, आजोबा."

आजोबांचे डोळे बारीक झाले. मग त्यांना असं हसू फुटलं, की म्हणे गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या!

"साठ वर्षं मागण्या ऐकतोय, हे कारण कुणी दिलं नव्हतं! दंड एक बोकड. आणि लग्नाला तुमचं सगळं घर एकाच गाडीतून उतरलं पाहिजे, मी स्टेशनवर मोजायला येईन. आता बोला, मुलगा काय करतो?"

"बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो," काका ठणठणीत आवाजात म्हणाले, "आणि आमच्या न्येमोसाठी सकाळपासून उपाशी आहे!"

दियोनीसच्या हातात पहिला पाण्याचा पेला न्येमोनेच दिला.

नागरिकहो, विमान वाईट नाही. घाईच्या वेळी ते प्राणही वाचवतं. पण ऐट दाखवायला निवडलेलं वाहन आपल्या माणसांना मागे टाकून जातं, आणि माणसं मागे टाकून लवकर पोचलात तरी तिथे बोलायचं काय? कसं जायचं हे ठरवण्याआधी कुणासाठी जायचंय, एवढं आठवावं.

काका लग्नाला पहाटे सगळ्यांच्या आधी स्टेशनवर हजर होते. हल्ली चर्चला जाताना त्यांच्या खिशातून तिकीट डोकावतं ते रेल्वेचं. खोड जाते कुठे!