हिरवा पडलेला पाना

पाणी शुद्ध करायच्या केंद्रात क्लोरीनच्या टाक्या असतात. त्यांच्या झडपा उघडायचा पितळी पाना माझ्या ताब्यात. चौतीस वर्षं त्याच पान्यानं मी शहराला पाणी दिलं.

वेढा पडला तेव्हा शत्रूची छावणी केंद्राखालच्या खोलगट भागात होती. क्लोरीन हवेपेक्षा जड, उताराला धावतो. हे मीच कधीतरी जेवताना बोलून गेलो होतो. मेहुण्यानं ते लक्षात ठेवलं. तो शहर राखणाऱ्या तुकडीत होता. पाना द्या म्हणून चार दिवस माझ्या दारात ठाण मांडून बसला. मी म्हटलं, खाली स्वयंपाकी आहेत, जखमी आहेत, वायूला शिपाई कोण ते कळत नाही.

"भावोजी," तो म्हणाला, "तुमचे हात स्वच्छ राहतील हो. आमची प्रेतं कोण धुणार?"

मी पाना पिठाच्या डब्यात तळाशी लपवला. जागा फक्त बायकोला ठाऊक होती. एकतीस वर्षांचा संसार, तिच्यापासून काय लपवायचं?

वारा खाली वळला त्या सकाळी मी टँकर घेऊन इस्पितळात गेलो होतो. दुपारपर्यंत छावणी शांत झाली. संध्याकाळी वेढा उठला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मी धावत घरी आलो, डब्यात हात घातला. पाना जागेवर होता. जीव भांड्यात पडला. मग त्यावरचं पीठ झटकलं. मोकळा क्लोरीन लागून पितळ हिरवं पडलं होतं.

ती ओट्यापाशी खोकत होती. भावाला झडपा जमल्या नसत्या, म्हणून स्वतः गेली होती. कशा उघडायच्या ते मीच एकदा हौसेनं दाखवलं होतं.

"मला फसवलंस," मी म्हणालो.

"हो. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात. आणि मला तुम्ही जिवंत हवे होतात."

तिची छाती त्यानंतर सुधारली नाही. सात महिने मी तिचं सगळं केलं. भरवलं, न्हाऊ घातलं. तिनं दोनदा विचारलं, माफ केलंत का? दोन्ही वेळा मी म्हणालो, औषध घे.

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही.

मेहुणा आला की म्हणतो, भावोजी, नवा पाना मागवा. मी मागवत नाही. रोज सकाळी त्याच पान्यानं झडप उघडतो. पाणी शहरात जातं. घरी येऊन मीही तेच पितो.