होऊन राहिलं

ज्योत्स्ना खंडारेने इनपुट फाइलच्या शेवटी तिरपी रेघ दिली, ती आहे ना म्हणून पडद्याला बोट टेकवून पुन्हा एकदा बघितलं आणि एंटर दाबलं. गेल्या सहा महिन्यांत या एवढ्याशा रेघेपायी तिचे निदान आठ दिवस वाया गेले असतील. रेघ राहिली की प्रोग्राम काहीतरी भलतंच बरळून बंद पडायचा. वहीच्या पहिल्याच पानावर तिने लाल शाईने लिहून ठेवलं होतं, ‘तिरपी रेघ विसरू नये.’

आज तो बंद पडला नाही. तिने डब्यातली खायची राहिलेली पोह्यांची वाटी उघडली.

ती बसली होती अकोल्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. आकडेमोड मात्र चालली होती अमरावतीच्या संशोधन केंद्रातल्या मोठ्या संगणकावर. ती इथून नुसते हुकूम सोडत होती. झिंक ऑक्साइडचे पातळ थर तिने स्वतःच्या हातांनी काचेवर चढवले होते आणि त्यातल्या अणूंमधलं अंतर मोजून ठेवलं होतं. आता तेच अंतर संगणकाने निव्वळ गणिताने काढून दाखवायचं, एवढंच उरलं होतं. जुळलं तर पीएचडी. नाही तर नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि मुदतवाढी दोन्ही घेऊन झाल्या होत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करायची हिंमत आपल्यात नाही, हे ती कुणापाशी बोलली नव्हती, पण तिला पक्कं ठाऊक होतं.

संगणकाची रीत तिला आता कळायला लागली होती. तो आधी एक अंदाज धरतो, मग फेरीमागून फेरी तो सुधारत जातो. दोन फेऱ्यांतला फरक नावापुरता उरला की थांबतो आणि फाइलच्या तळाशी काम संपल्याची ओळ लिहितो. याला कन्व्हर्ज होणं म्हणतात. तोवर मधला कुठलाच आकडा खरा नसतो.

अकराला देशिंगकर मॅडमचा फोन आला. मॅडम तिच्या सध्याच्या गाइड, वयाने तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सांगलीहून अमरावतीत येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. हुशार, वेळेच्या पक्क्या. या मुलखाबद्दल त्यांची एकच तक्रार होती: इथली माणसं काम झालेलं नसताना खुशाल झालं म्हणून सांगतात.

“ज्योत्स्नाताई, पीएचडीच्या समितीला बारापर्यंत तक्ता पाठवायचाय. कन्व्हर्ज झालं का?”

घंटा झाली होती आणि ज्योत्स्ना हजेरीपट शोधत होती. मॅडमशी एरवी ती जपून, पुस्तकात असतं तसं बोलायची. घाईत घरचं तोंडात आलं.

“होऊन राहिलं मॅडम.”

“छान. मग मी फाइलमधून घेते.”

“हो, बघा ना,” असं म्हणून ती वर्गावर गेली.

चारच्या सुमाराला तिने फाइल उघडली. तेवीस फेऱ्या, तळाशी ती ओळ, आणि अंतर ३.२८. तिने मोजलेलं होतं ३.२५. या पद्धतीत एवढा फरक चालतो. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला, संघपालला, चहा करायला लावला आणि स्वतः पाय पसरून बसली.

शुक्रवारी मॅडमचा पुन्हा फोन आला. आवाज कोरडा होता.

“समितीचं पत्र आलंय. तुमचा ३.४१ म्हणजे फारच लांब. त्यांचं म्हणणं, उमेदवाराला सॉफ्टवेअर समजलेलंच नाही.”

“पण मॅडम, ३.२८ आलं.”

“कधी?”

“काल. चार वाजता.”

“अकरा वाजता तुम्ही मला झालं म्हणालात. आता आकडा बदलला, तोही जुळेल असा. हे मी समितीला कोणत्या तोंडाने सांगू?”

सॉफ्टवेअर येत नाही, हे ज्योत्स्नाने एकवेळ ऐकून घेतलं असतं. आपण आकडा बनवला असं कुणाला वाटावं, हे तिला फार लागलं. बाबांनी शिकवताना एकच अट घातली होती, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने ती अमरावतीलगतच्या बडनेऱ्याला उतरली आणि ऑटो करून केंद्रावर पोचली. पिशवीत अख्ख्या फाइलची छापील प्रत होती, एकसष्ट पानं. तिने ती मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. मागे देवीदास, प्रयोगशाळेचा मदतनीस, कपाटावरची धूळ झटकत होता.

मॅडमनी पानं उलटली. प्रत्येक फेरीसमोर वेळ छापलेली होती.

“अकरा वाजून सहा मिनिटं. नववी फेरी. ३.४१.” मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणजे मी फाइल उघडली तेव्हा हे चालूच होतं.”

“हो ना.”

“तळाची ओळ मी बघायला हवी होती, ती माझी चूक. पण तुम्ही झालं असं का सांगितलंत?”

“मी कुठं म्हटलं झालं? मी म्हटलं, होऊन राहिलं.”

“तेच तर.”

देवीदासचं फडकं थांबलं.

“मॅडम, होऊन राहिलं म्हंजे सुरू हाय,” तो म्हणाला. “झालं असतं तं ताई झालंच म्हनल्या असत्या ना.”

“होऊन राहिलं म्हणजे… होत आहे?”

“मंग काय तं.”

मॅडमनी चष्मा काढला. “देवीदास, तुम्ही दीड वर्ष मला सांगताय, टेबल पुसून राहिलो, झेरॉक्स काढून राहिलो. मी येऊन बघायची तर काहीच झालेलं नसायचं.”

“तं आमी कामच करत होतो मॅडम. तुमी लवकर येत होत्या.”

आधी ज्योत्स्नाला हसू फुटलं, मग मॅडमना. मॅडमनी तिथल्या तिथे समितीला लिहिलं: गणना अपुरी असताना आकडा मी उचलला, उमेदवाराचा दोष नाही, पूर्ण फाइल सोबत जोडली आहे. अर्ध्या तासात अध्यक्षांचा फोन आला. वेळा बघितल्या, ३.२८ मान्य आहे, सोमवारी बैठकीला यावं. ज्योत्स्ना आता कुठे खुर्चीत बसली. तिला कडकडून भूक लागली होती. देवीदास दह्यातला गिला वडा आणायला गेला.

वडे आले. ज्योत्स्नाने दोन संपवले. मॅडमच्या बशीतला तसाच होता.

“तिवस्याचा सहदेव भोयर आठवतो तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“आठवतो ना. मला ही फाइल लिहायला त्यानंच पहिल्यांदा शिकवलं. आता तिवस्याला शिकवणी घेतो.”

“मागच्या वर्षी मी त्याला प्रकल्पातून काढलं. शेरा लिहिला होता, काम पूर्ण झाल्याचं वारंवार खोटं सांगतो.” मॅडमनी बशी बाजूला सारली. “नंबर आहे?”

ज्योत्स्नाने स्वतःच्याच फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

“बोला ताई,” पलीकडून सहदेव म्हणाला. त्याच्या मागे पोरांचा गलका होता.

“सहदेव, मी देशिंगकर मॅडम.”

गलका एकाएकी लांब गेला. तो बहुधा बाहेर येऊन उभा राहिला असावा.

“नमस्कार मॅडम.”

“तू खोटं बोलत नव्हतास. मला आज कळलं. तो शेरा मी सोमवारी लेखी मागे घेते. तुला यायचं असेल तर तुझी जागा अजून भरलेली नाही.”

मॅडमना राहवलं नाही.

“अरे, पण तेव्हाच मला नीट सांगायचं नाही का?”

सहदेव हसला. त्या हसण्यात राग नव्हता.

“सांगूनच तं राहिलो होतो, मॅडम.”