सम तारखेचं टोक

मी फलाट बोलतोय. असातसा नाही, तब्बल अकरा वर्षं जगातला सगळ्यात लांब फलाट होतो मी. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन हजार पावलं! माणसं मुद्दाम मला बघायला यायची, माझ्या पाटीशेजारी उभी राहून फोटो काढायची आणि निम्मं चालून झालं की मला शिव्या घालायची.

जन्मलो तेव्हा मी चारचौघांसारखाच होतो, गाडीला पुरेल एवढा. मग आमच्या स्टेशनमास्तरांच्या डोक्यात विक्रमाचं खूळ शिरलं. गावात बघण्यासारखं काही नाही, निदान फलाट तरी असावा! माझं पूर्वेचं टोक वाढत वाढत थेट रेल्वेच्या चाळींपर्यंत गेलं. ज्याने मला इंचाइंचाने मोजून वाढवलं, त्या मोजणीदाराच्या कमरेला कायम टेप लटकलेली असायची. सगळे त्याला टेपमास्तर म्हणत. त्याने मला जेवढं जपलं, तेवढं पोटच्या पोरीलाही जपलं नसेल. हे मी कौतुकाने सांगत नाही.

विक्रमाची मोजणी करायला बाहेरची माणसं आली, ती नेमकी त्याच्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी. "तासाभरात आलोच," असं सांगून तो लग्नातून उठला आणि दिवेलागणीला परतला. तोवर लेक सासरी गेली होती. आठवड्याने तिची एका ओळीची चिठ्ठी आली, 'तुमचा फलाट सुखात राहो.' त्यानंतर अकरा वर्षं अक्षर नाही.

मोजणीवाल्यांनी आणखी एक मेख मारून ठेवली होती. जो भाग वापरात नाही, तो लांबीत धरणार नाही! आणि गाडी तर जेमतेम माझ्या निम्म्याला पुरत होती. मास्तरांनी हात टेकले. तोडगा टेपमास्तरनेच काढला.

"साहेब, विषम तारखेला गाड्या पश्चिमेला थांबवू, सम तारखेला पूर्वेला. आख्खा फलाट वापरात!"

मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. तिकीटखिडकी, नळ, चहाचा गाडा, सगळं पश्चिमेला. सम तारखेला बिचारे प्रवासी बोचकी सावरत दोन हजार पावलं तुडवायचे. पण विक्रम शाबूत राहिला. सोंग उभं केलं की ते निभवावंच लागतं.

वर्षं गेली. मास्तर बदलले. टेपमास्तर निवृत्त झाला, त्याची बायको वारली, गुडघे कामातून गेले. पूर्वेच्या चाळीत तो एकटाच राहायचा आणि संध्याकाळी माझ्या त्याच टोकाला येऊन बसायचा. एके दिवशी त्याने खिशातून एक पत्र काढलं आणि मला ऐकू जाईल असं वाचलं.

'बाबा, बावीस तारखेला तुमच्या स्टेशनवरून जाते आहे. हे परदेशात आधीच पोचलेत, आता मी आणि मुलगी. परत येणं होईलसं वाटत नाही. गाडी सहा मिनिटं थांबते. पाचवा डबा. आलात तर नात बघाल. मी रागावलेली नाही.'

"बावीस म्हणजे सम," तो म्हणाला आणि माझ्या फरशीवर थाप मारली. "घराजवळच थांबणार की!"

बावीसला गाडी अकराची, हा सातलाच हजर. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. पाचवा डबा कुठे येतो हे त्याला मोजावं लागलं नाही.

नऊ वाजता स्टेशनात बातमी आली. दूरच्या कुठल्याशा देशात माझ्यापेक्षा चाळीस पावलं लांब फलाट बांधून झाला होता. शेराला सव्वाशेर! मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण नव्या मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"सुटलो बुवा एकदाचे! आजपासून सगळ्या गाड्या पश्चिमेला. सम-विषमची पीडा गेली."

सूचना लागली ती पश्चिमेच्या फळ्यावर. कर्ण्यावरूनही सांगितलं, पण पूर्वेचा कर्णा दोन वर्षं मुका होता. आणि मला तोंड नाही. त्या दिवसाइतकं ते मला कधीच हवं नव्हतं.

गाडी आली आणि पश्चिमेला थांबली. पाचव्या डब्यातून एक बाई लेकराला कडेवर घेऊन उतरली आणि तिने हमालाला विचारलं, "इथे एक वयस्कर गृहस्थ आलेत का? मोजणी खात्यात होते."

"टेपमास्तर? अरे देवा! आज सम तारीख ना! ते त्या टोकाला असणार, ताई."

ती निघाली. आधी भरभर, मग पळत. इंजिनाच्याही पुढे गेली. पलीकडून टेपमास्तर गुडघे दाबत, मान खाली घालून येत होता. दोघांची पावलं मला एकाच वेळी जाणवत होती. मधलं अंतर माझं होतं, फुकट वाढवलेलं. शिट्टी झाली. ती मागे वळली आणि धावत पहिल्याच डब्यात चढली.

गाडी सुटलेली पाहून टेपमास्तर जागीच थांबला. निदान खिडकीत तरी दिसेल म्हणून डबे मोजायला लागला. पहिल्या डब्याच्या दारात एक बाई पोर घेऊन वाकली होती आणि काहीतरी ओरडत होती. इंजिनाच्या धडधडीत त्याला ते ऐकू आलं नाही. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस, तो खेकसला, "ओ बाई, आत व्हा! पोराला घेऊन दारात कसल्या उभ्या राहता?"

आणि पुढे मोजत राहिला. दोन. तीन. चार. पाचव्या डब्याच्या सगळ्या खिडक्या त्याने पाहिल्या.

हमाल धापा टाकत आला. "भेटली का लेक? पहिल्या डब्यात चढली, दारातच तर होती!"

"पहिल्या?" टेपमास्तरने विचारलं. "कडेवर पोर होतं?"

"हो. तुमची नातच ना ती?"

तो माझ्यावर मटकन बसला. "मी तिला आत व्हा म्हणालो," एवढंच बोलला.

मी तिचा चेहरा पाहिला होता. ती हसत होती. ते शब्द ऐकले आणि ती खरोखरच आत गेली.

दोन वर्षं झाली. तिचं पत्र नाही आणि पत्ता याच्याकडे नाही. तो रोज पोस्टमनला विचारायचा. या थंडीपासून त्याचं माझ्याकडे येणंही बंद झालंय. चाळीतल्या त्याच्या दाराला कुलूप आहे.

माझा पूर्वेचा भाग पुढच्या महिन्यात तोडणार आहेत. खुशाल तोडा, तो बांधायलाच नको होता. पण तुम्ही हिंडणारी माणसं. परक्या मुलखात कुठे ती भेटलीच, तर सांगा तिला, बापाने तिला ओळखलं नाही. त्याचे डोळे पाचव्या डब्याकडे लागले होते.