न जाळलेला कोपरा

उसन्या शेताला गोलो तिवुंग गावात एकच अट असते. वर्षाच्या आत मरेल असंच पीक त्यात लावायचं. मका चालतो, घेवडा चालतो, रताळी नि कसावा चालतो. कॉफी चालत नाही, लवंग चालत नाही, बांबूचं बेटसुद्धा चालत नाही. झाड लावणाऱ्याचा पाय त्या जमिनीत रुततो, आणि पुढे तो पाय काढून घ्या म्हणणाराच वाईट ठरतो. शेत देताना ही अट कोणी बोलून दाखवत नाही. बोलावी लागली तर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही अपमान होतो.

नेलाला अट ठाऊक होती. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला धाकट्या दिराच्या घरात राहायला सांगितलं. ती नाही म्हणाली आणि डोंगर ओलांडून माहेरी आली. माहेरी मुलीच्या वाट्याला जमीन नसते. पण तिच्या धाकट्या भावानं, कानिसनं, वरच्या अंगाचं एक शेत तिला दाखवलं आणि म्हणाला, "हे पिकव, ताई. लागेल तोवर तुझ्याकडेच ठेव." त्यावर नेलानं मान हलवली होती. दोघांच्याही मते बोलणं तिथंच संपलं होतं.

शेताच्या वरच्या टोकाला एक जुना ओंडका पडलेला होता, शेवाळानं हिरवा झालेला. खाली कानिसची कॉफीची बाग. फळं पिकली की उदमांजर बागेत पोटभर खायचं आणि वर येऊन त्या ओंडक्यावर बसायचं. गर तेवढा त्याच्या पोटात जिरे, बी अख्खं बाहेर पडे. मग पावसाळ्यात, मक्याची खुरपणी चालू असताना, ओंडक्याशेजारी कॉफीचे कोंब दिसायचे. बारीक काडी, आणि तिच्या डोक्यावर अजून न गळलेल्या दाण्याचं टोपडं. काही दिवसांनी टोपडं फाटून दोन गोल, काठाशी मुरडलेली पानं उघडायची. त्या आतच नेला ते उपटून टाकायची. दरवर्षी.

यंदा तिनं कोंबांना हात घातला आणि तसाच मागे घेतला.

त्या दिवशी सकाळी खुरपता खुरपता तिची पाठ धरली होती. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली, मक्याच्या रोपाला धरून, कुणी बघत नाही ना हे पाहत. मक्याला दरवर्षी नवी पाठ लागते. जाळा, टोचा, खुरपा, राखा, तोडा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. कॉफीचं तसं नाही. एकदा ती उभी राहिली की म्हातारीनं नुसतं तिच्याखाली जाऊन हात वर करायचा. नेलानं हे सगळं इतक्या स्पष्टपणे मनाशी म्हटलं नाही. तिनं कोंबांना वगळून पुढचं तण काढलं, इतकंच.

मका निघाला, पाऊस गेला. कोरड्या महिन्यांत वरचं ऊन त्या कोपऱ्यावर थेट पडायला लागलं आणि रोपांची पानं दुपारी पडवळासारखी लोंबायची. नेला आठवडाभर ते बघत राहिली. आपोआप आलेलं आपोआप जाईल, असं स्वतःला सांगत राहिली. मग एके दिवशी तिनं ओढ्याकाठची नेच्याची पानं तोडून आणली आणि रोपांच्या बाजूनं खोचली. वाळली की नवी आणायची. रोपं वीतभर झाली, मग त्याहून उंच.

पेरणीआधी शेत जाळायची वेळ आली. नेलानं खालून आग लावली आणि ओंडक्याच्या अलीकडे हिरव्या फांदीनं झोडपून विझवली. सगळं शेत काळं झालं. तो कोपरा हिरवा राहिला. एवढं ठळक चिन्ह तिनं स्वतःच्या हातानं काढून ठेवलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते योविताच्या, कानिसच्या बायकोच्या. ती मिरच्या द्यायला म्हणून वर आली होती.

"वन्सं, एवढ्या शेताला काजळी फासलीत आणि हा कोपरा विसरलात होय?"

"ओल होती तिथं. पेटलं नाही."

योविता ओंडक्यापर्यंत चालत गेली. नेच्याची पानं तिनं पायानंच बाजूला केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बाई. मक्याला पानं कॉफीची यायला लागली."

"मी नाही लावली."

"मग काय, नेच्याची पानं ओढ्यावरून चालत आली?"

ती रागावून बोलली नाही, याचंच नेलाला वाईट वाटलं. मिरच्यांची पुडी जमिनीवर ठेवून योविता उतरून गेली.

संध्याकाळी कानिस आला. नेलानं कॉफी केली. तो पेला हातात धरून बसला, प्यायला नाही. हा पोरगा तिनं काखेत घेऊन वाढवलेला. लहानपणीही राग आला की तो असाच गप्प व्हायचा आणि मग एकदम भलतंच काहीतरी बोलायचा.

"उद्या जेहाबुतकाकांना घेऊन वर येतो," तो म्हणाला.

जेहाबुतकाका म्हणजे गावचे तुआ तेनो. जमिनीचं कुठलंही बोलणं त्यांच्या तोंडून गेलं की पक्कं होतं.

"माझ्याशी बोलला असतास तर?"

"तुझ्याशी बोललो तर तू बहीण. मला आज बहिणीशी नाही बोलायचं." त्यानं पेला खाली ठेवला. "मला दोन मुलगे आहेत, ताई. त्यांना वाटून द्यायला काय राहिलंय ते तूच सांग."

सकाळी नेला, कानिस, योविता सगळे वर गेले तेव्हा जेहाबुतकाकांच्या मागोमाग पाच-सात माणसं निघाली होती. त्यांचं काम काहीच नव्हतं. रात्री पावसाची एक चांगली सर येऊन गेली होती, राख बसली होती, आणि काळ्या उतारावर तो हिरवा कोपरा गावातूनसुद्धा दिसत असेल असं नेलाला वाटलं.

काका उकिडवे बसले. त्यांनी सुरीच्या टोकानं रोपांच्या बुडाची माती उकरली, बोटानं चाचपली. बराच वेळ गेला.

"हे बघ, कानिस. माणूस कॉफी लावतो तेव्हा एका खड्ड्यात एक लावतो. इथं मूठभर रोपं एकाच जागी दाटलीत, एकमेकांच्या मुळात मुळं घालून. हे मांजराचं काम आहे."

"मग जमीन मांजराच्या नावावर करा," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याला बोलवायला पाहिजे होतं."

"ते दिवसा झोपतं."

लोक हसले. काकाही हसले. हात झटकत ते उठले. "म्हणजे ही रोपं कुणीच लावलेली नाहीत. नेलानं अट मोडलेली नाही. कानिस, उपटून टाक आणि घरी चल. पोरीला उगाच चार लोकांत उभं केलंस."

कानिसच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला नेलाला दिसला. तिच्याकडे बघून तो ओशाळं हसला सुद्धा. मग तो वाकला आणि त्यानं सगळ्या रोपांची मिळून एक मूठ धरली.

नेलानं नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिली असती तर ती निर्दोष होती. शेत तिच्याकडेच राहिलं असतं आणि पुढच्या खुरपणीला ती मान वर करून गावातून चालली असती. पण ती निर्दोष ठरली की रोपं कुणाचीच नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "टाकली मांजरानं. जगवली मी."

कानिसची मूठ तशीच राहिली.

"उन्हात सावली मी केली. खुरपताना ठरवून सोडली. जाळताना आग मी विझवली. ओल नव्हती तिथं, खोटं बोलले मी योविताशी."

कुणी हसलं नाही. जेहाबुतकाका पुन्हा खाली बसले, या वेळी ओंडक्यावर. "बी कानिसच्या बागेतलं, पोट मांजराचं, सावली तुझी, आणि जमीन पुन्हा कानिसची," ते म्हणाले. "मघाशी सोपं होतं, पोरी."

"तू मला विचारायचं होतंस," कानिस म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

कानिसनं मूठ सोडली आणि उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"जमीन नको मला," नेला म्हणाली. "जमिनीवर मी पाय रुतवत नाही. माझी पाठ गेली, कानिस. अजून दोन-चार पेरण्या होतील, मग नाही होणार. मग मी तुझ्या चुलीपाशी बसून वाढलेलं खायचं का? तू वाढशील, माहीत आहे मला. ही योविताही वाढेल, दोन शब्द ऐकवून. पण मला माझ्या हातानं तोडलेलं काहीतरी हवंय."

"शब्द मी कधी ऐकवले?" योविता म्हणाली. मग तिच्या आवाजातली धार गेली. "वन्सं, रोपांचं मला काही नाही. पण डोंगरापलीकडच्या सासरचं काय? त्यांनी लग्नात तुमच्यासाठी घोडे दिलेत, म्हशी दिल्यात. ते परत कुणी केले नाहीत. रीतीनं तुम्ही अजून त्यांच्याच. तुमचं म्हणून जे असेल ते तुमच्या मागं त्यांचं. उद्या तुमचा दीर डोंगर उतरून येईल आणि म्हणेल, ही आमच्या वहिनीची झाडं. आणि झाड काय हवेत उभं राहतं? खालची जमीनही मागेल. मग भांडायला माझी पोरं."

हे नेलाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिनं पाठीचा विचार केला होता, उन्हाचा केला होता, भावाच्या रागाचासुद्धा केला होता. पण ज्या घरातून ती नेसत्या लुगड्यानिशी निघून आली, ते घर तिच्या मागोमाग इथवर चालत येऊ शकतं, ती ज्याला 'माझं' म्हणेल त्या प्रत्येक गोष्टीवर हात ठेवू शकतं, हे तिला आत्ता या काळ्या उतारावर उभं राहून कळत होतं. तिनं काकांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील अशी तिला आशा होती.

"योविता खरं बोलतेय," काका म्हणाले.

खालच्या बागेत कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.

"नेला, झाडं तुझी असं म्हणालीस तर ती काढावी लागतील," काका सावकाश म्हणाले. "तुझी नाहीत असं म्हणालीस तर राहू शकतात. कानिसनं ती काढून स्वतःच्या हातानं पुन्हा लावायची. झाडं त्याची, जमीन त्याची. फळ तू तोडायचं, जिवंत असेतो. तुझ्या दिराला त्यात धरायला काही राहत नाही."

"आणि मी पार म्हातारी झाले, कानिस नसला, आणि ह्याचे मुलगे म्हणाले, कोण आत्या?"

"म्हणू देत तर खरं," योविता म्हणाली. "त्या दिवशी त्यांची ताटं डुकरांना जातील."

काकांनी कानिसकडे पाहिलं. निर्णय त्याचा होता आणि सगळे थांबले होते. त्यानं पायानं राख सारली, पुन्हा सारली. मग मान वर न करताच म्हणाला, "लावतो."

"तोडणार कोण ते बोल. सगळ्यांनी ऐकू दे."

"ताई तोडेल. ती आहे तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. माझाही नाही."

काकांनी बरोबर आणलेल्या बांबूच्या नळीतून थोडी माडी मातीवर सांडली, आधी गेलेल्यांच्या कानावर जावं म्हणून, आणि उरलेली स्वतः प्यायले. मग लोक उतरायला लागले. नेलानं अजून हो म्हटलेलं नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी दाखवलं नाही. तिनं घसा साफ केला आणि काकांच्या पाठीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ती झाडं माझी नाहीत." काकांनी मागे न वळता हात वर केला.

कानिसनं ओंडक्यापलीकडे खड्डे खणले. सरीनं माती मऊ झाली होती. मग त्यानं सगळा झुबका मातीसकट उचलला आणि रोपं सुटी करायला घेतली. दोन मोडली. कॉफी तोडणं त्याला जन्मापासून ठाऊक होतं, पण बाग लावली होती ती बापानं. त्यानं एक रोप खड्ड्यात धरलं, माती लोटली, पायानं दाबली.

नेलानं हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले होते.

"मुळी वाकली," ती म्हणाली. "सरळ खाली नाही गेली. दोन वर्षं रोप छान दिसेल आणि मग पिवळं पडेल. काढ पुन्हा."

त्यानं काढलं. खड्डा खोल केला. पुन्हा धरलं. या वेळी रोप तिरकं झालं.

"मला नाही जमत हे," तो म्हणाला. रोप त्यानं तिच्यापुढे केलं, मातीनं माखलेल्या दोन बोटांत. "तूच लाव. आता इथं कोण बघतंय?"

खरंच कुणी नव्हतं. योविता तेवढी उतारावर होती आणि तिची इकडे पाठ होती. रोपाची मुळी ओली, सरळ, पांढरट होती. नेलाची बोटं पाठीमागे आपोआप हलली.

"नको," ती म्हणाली. "तुझाच हात लागू दे. कधी कुणी विचारलं तर तुला खोटं बोलावं लागायला नको. तुला ते जमत नाही, लहानपणापासून."

तो हसला नाही, पण गुडघे टेकून खाली बसला.

"वर ओढून धर थोडं. हां, मुळी सुटली बघ खाली. आता माती. पायानं नाही, रे. हातानं. हळू."

कानिसनं हातानं माती दाबली. रोप सरळ उभं राहिलं. नेला वाकून, पाठीवर हात तसेच ठेवून, बुडाकडे नीट बघत होती.

"बरं आहे," ती म्हणाली. "पुढचा खड्डा याहून खोल कर."