आतली कडी

सोमेशनं अर्धापूरहून बंद ट्रॉली आणली तेव्हा सगळ्या गल्लीनं ती डोकावून पाहिली. उदगीरात लाइट फिटिंगचे गुत्तेदार पुष्कळ, पण वायरची भेंडोळी मोटारसायकलला बांधून हिंडणारे. पिकअपमागं जोडायची, पत्र्याची, दार लावलं की खोलीच अशी ट्रॉली कुणाकडंच नव्हती.

आतली मांडणी त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं केली. बीएस्सीला असताना तिच्या आकृत्या सगळा वर्ग उतरवून घ्यायचा. भिंतींना जुनी प्लाय होतीच, तिला पांढरा रंग दिला, खिळे मारले, आणि प्रत्येक हत्याराच्या मागं तिनं काळ्या रंगानं त्याचाच आकार काढला. पक्कड, हातोडी, ड्रिल, ग्राइंडर. सोमेशच्या उस्तादाची ही शिस्त. काम संपलं की भिंतीकडं बघायचं. आकार रिकामा दिसला, तर वस्तू साइटवर राहिली.

"रिकामा आकार घरी आणायचा न्हाई," सोमेश म्हणायचा.

चौथ्या दिवशी तिला दाराजवळ, अगदी खाली, एक आकार दिसला. तिनं न काढलेला. वर गोल, खाली पसरट.

"जुन्या मालकाची पाण्याची मोटार असंल तिथं," सोमेश म्हणाला. "मार्करची शाई हाय, फुटून वर येते."

तिनं दोनदा रंग मारला. दोनदा तो वर आला. तिसऱ्यांदा ब्रश घेऊन गेली, तर तिचा साडेतीन वर्षांचा शिवांश तिथं मांडी घालून, भिंतीला पाठ लावून बसलेला. डोकं गोलात, गुडघे पसरट भागात. कुठंच कमी नाही, कुठंच जास्त नाही.

"आई, ही माझी जागा."

त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून, बसवूनच मातीत ठेवतात. आजोबांच्या वेळी तिनं पाहिलं होतं. तिनं पोराला ओढून बाहेर काढलं. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की दाराला आतून काहीच नाही. बाहेरची कडी सरकली की आतला माणूस आतच.

"आतून उघडंल असं कर," तिनं सोमेशच्या मागं लकडा लावला.

"पत्र्याला खाच पाडली की पाणी येतं, मंजू. बोर्डं भिजतील. दसरा होऊ दे, करू. तू तर पाळण्यालासुद्धा ब्रेक बसवशील!"

सासूबाई, शिवम्मा, खळखळून हसल्या. मंजुश्रीला हसू आलं नाही. दुपारी तिनं ट्रॉली विकणाऱ्या साहेबरावांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, सुमनबाईनं. मंजुश्रीनं तिला आकाराचं सांगितलं.

"लेकरू हाय का घरात?" सुमनबाईनं विचारलं.

"हो. साडेतीन वर्षांचं."

"दार आतून उघडतं का?"

"नाही."

"आमचा प्रेम लपायला गेला होता. कडी कुणी लावली ते आजपत्तोर कळलं न्हाई. सापडला तवा भिंतीला टेकून बसलेला, ताई. मालकाला मी आधीच म्हणले होते, आतून कडी बसवा. हातातलं काम संपलं की करू म्हणले."

त्या दिवसापासून मंजुश्रीनं शिवांशला नजरेआड होऊ दिलं नाही.

खंडेनवमीला ट्रॉलीची पूजा झाली. प्रत्येक हत्याराला विभूतीची तीन बोटं ओढली, फुलं वाहिली. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. त्यांचा तो विसाव्याचा दिवस. मंजुश्री पुरणाचा गॅस बंद करून बाहेर आली, आणि अंगणात शिवांश नव्हता.

शेजारी नाही, गच्चीवर नाही. ट्रॉलीचं दार बंद. कडी बाहेरून लावलेली.

"ती मीच लावली, वाऱ्यानं दार आपटून राहिलं होतं," शिवम्मा म्हणाल्या. "आता उघडू नको बाई, पूजा झालीया."

तिनं कडी ओढली. आतून भट्टीसारखी वाफ आली. शिवांश त्या आकारात बसला होता. घामानं चिंब, ओठ कोरडे, डोळे उघडे. ना हाक, ना रडं. पाणी पाजल्यावर म्हणाला, "तो म्हणला, मी लई दिवस बसलो. आता तू बस."

मंजुश्रीनं पोराला शिवम्मांच्या कडेवर दिलं आणि भिंतीवरचं ड्रिल काढलं. त्यावरची फुलं खाली पडली.

"आगं, आज न्हाई! हत्यार कोपतं!" शिवम्मा ओरडल्या.

"कोपू द्या."

सोमेश धावत आला. त्यानं पोराचा चेहरा पाहिला. आणि ड्रिलची वायर जोडून दिली. तिनं पत्र्याला ओळीनं भोकं पाडून खाच केली. त्यानं बाहेरच्या कडीला आतून सरकवायचा दांडा बसवला. विभूती दोघांच्या हातांना लागली होती. आत उभी राहून तिनं चारदा दार उघडून पाहिलं, मग बाहेरून कडी घातली.

दिवेलागणीला सगळे ओट्यावर बसले होते. शिवांश तिच्या मांडीवर, त्याचा दंड तिच्या मुठीत. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

कडी हलली.

आधी जराशी, जसं एखाद्या लहान हाताला जड जावं. मग पूर्ण सरकली आणि दार बाहेर ढकललं गेलं. कुणीच उतरलं नाही. तरी शिवांशनं फाटकाकडं पाहत हात हलवला.

"गेला," तो म्हणाला.

सोमेश बॅटरी घेऊन आत गेला. दाराजवळची प्लाय कोरी पांढरी होती.

मंजुश्रीनं अर्धापूरला फोन लावला.

"सुमनबाई, त्याला दार उघडून दिलं मी," ती म्हणाली. "तिकडं यायला निघालाय."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, पावलांचा आला, आणि मग घराची कडी काढल्याचा.