नातीपुरती भाषा

रविवारी संध्याकाळी सहा वाजता नातीने फोन कापला. बोलणं जेमतेम सुरू झालं होतं.

टेलरमावशींची मुलगी जाऊन वर्ष होत आलं. तिचा रशियन नवरा दर रविवारी पोरीला फोनसमोर बसवायचा. पाच वर्षांच्या पोरीला फक्त बापाची भाषा येते. आई होती तोवर दोघींचं बोलणं तीच इकडून तिकडे पोचवायची. आता आजी नुसती हसायची आणि नात जांभया द्यायची. "तिला कंटाळा येतो, बंद करू या का?" असं जावयाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारूनही झालं होतं.

म्हणून मावशींनी रशियनची शिकवणी लावली. निर्धारक सर्वनामांपाशी गाडी अडली. 'प्रत्येक', 'कुठलंही', 'स्वतः' असल्या शब्दांचा धडा, आणि एकेका शब्दाची ढीगभर रूपं.

"बाई, डोक्यावरून जातंय हो हे."

"तुमचा बटणांचा डबा आणा बघू." शिकवणीच्या बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. "एकूण एक बटण उचललं, तर 'काझ्दी', प्रत्येक. डोळे मिटून हाताला लागेल ते 'ल्युबोय', कुठलंही."

"आणि गोळा कोण करणार?"

"तुम्ही. स्वतः! पुरुष असेल तर 'साम', बाई असेल तर 'समा'."

मावशी हसत हसत खाली घरंगळलेली बटणं वेचायला वाकल्या.

मग त्यांनी एकच वाक्य घोटलं: मला प्रत्येक दिवशी तुझी आठवण येते. शिवताना मशीनच्या तालावर तेच चालायचं.

त्या रविवारी त्यांनी ते म्हटलं. नातीने चटकन मान वर केली. मग भराभरा काहीतरी विचारलं. मावशींना अवाक्षर कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मावशींनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. पोरीचा चेहरा उतरला. बाप फोन घ्यायला पुढे आला, तसा तिने त्याचा हात झटकला.

"या समा!"

मी स्वतः. तेवढं मावशींना लख्ख कळलं. स्क्रीनवर छोटं बोट मोठं होत आलं आणि सगळं काळं झालं.

"बोट लागलं असेल चुकून," दुसऱ्या दिवशी शिकवणीत हे ऐकून बाई म्हणाल्या.

"नाही हो. सांगून कापला तिने."

बुधवारी जावयाचा निरोप आला: तिला वाटेल तेव्हा आम्हीच फोन करू.

काल रविवार होता. फोन आलेला नाही.