नव्या वाद्याची पूजा

रॉक बँडसाठी सिंथेसायझर निवडायचं काम वल्लरीच्या गळ्यात पडलं, कारण वाजवणार तीच होती. बुधवार पेठेतली दुकानं पालथी घातल्यावर तिला हवा तसा मिळाला: खिशाला परवडणारा, दणकट, ऐन कार्यक्रमात न रुसणारा. गिटार वाजवणाऱ्या आमोदने मात्र "पत्र्याचा डबा" म्हणून नाक मुरडलं.

दसऱ्याला कोथरूडमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. एरवी देवाधर्माची टिंगल करणाऱ्या आमोदला स्टेजवर अचानक परंपरा आठवली. वल्लरी केबल आणायला गेली तेवढ्यात या भक्तमहाशयांनी नव्या वाद्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्याच लोखंडी स्टँडवर नारळ फोडला. पाणी थेट पट्ट्यांत गेलं. वल्लरी परतली तेव्हा सिंथेसायझर एकदा खरखरला आणि कायमचा गप्प झाला.

"हाच का तुझा भरवशाचा?" आमोद म्हणाला. "साधं नारळाचं पाणी झेपलं नाही त्याला!"

"एवढी भक्ती उतू जात होती, तर स्वतःच्या गिटारवर का नाही फोडलास?" वल्लरीने विचारलं.

"वेडी आहेस का?" आमोदने गिटार छातीशी धरली. "ती महागाची आहे."